माउस बाबांच्याच हातात द्या

नोव्हेंबर जवळ आला की लोणारमधल्या निवृत्त शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या घरांत हयातीच्या दाखल्याचा विषय निघतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे हा दाखला ऑनलाइन देता येतो, २०२१ पासून तर मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालते. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्यांना ही मोठी सोय. पण बाबा थांबतात. सुट्टीत मुलगा पुण्याहून येतो, ‘‘बाबा, द्या इकडे’’ म्हणतो आणि दोन मिनिटांत काम उरकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बाबा शिकत नाहीत, कारण त्यांनी फक्त पाहिलेले असते. वयाबरोबर नवी नावे, आकडे लक्षात ठेवणे मंदावते. पण हाताने करून शिकलेली गोष्ट, सायकलसारखी, बरीच टिकते. मात्र ती स्वतः, पुन:पुन्हा करावी लागते. मुलाने हात मागे बांधून शेजारी बसावे, हे त्याला सर्वांत अवघड जाते!

त्याआधी डोळे पाहावेत. वाचायचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरांसाठी असतो. संगणकाचा पडदा हातभर लांब. दुहेरी भिंगांतून तो वाचायला मान मागे टाकावी लागते. थोड्याच वेळात मान दुखते आणि आई म्हणते, ‘‘मला नाही जमत बाई हे.’’ जमत नसते ते चष्म्याला. नंबर काढताना पडद्याचे अंतर सांगावे. मोतीबिंदूत फिकट करडी अक्षरे दिसेनाशी होतात. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

बोटांचेही तसेच. बोट उचलायला किंचित उशीर झाला की मोबाइलला वाटते दाबून धरले, आणि भलतेच काही उघडते. डबल क्लिक जमत नसेल तर सेटिंगमध्ये तिचा वेग कमी करता येतो, नाहीतर एकदा क्लिक करून एंटर दाबावे.

हे कष्ट वाया जात नाहीत. अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने साठीपुढच्या मंडळींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास डिजिटल छायाचित्रण शिकवले. त्यांची स्मरणशक्ती सुधारल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या गप्पागोष्टींत रमलेल्यांना तेवढा लाभ झाला नाही. लोणारकरांना विषय शोधायला नको. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे मोबाइलवरून जगभर फिरली. बाबांनी काठावरून एक फोटो काढावा, संगणकावर घ्यावा, नातीला पाठवावा. बँकेचे व्यवहार नंतर. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हा पाठ मात्र पहिल्याच दिवशी. फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

नवे शिकायला वेळ लागणे हा आजार नव्हे. पण वर्षानुवर्षे सहज पैसे पाठवणाऱ्या आईला अचानक तीच पायरी आठवेना, पिन आठवेना, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचा विकार, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांमुळेही असे होते आणि यांवर उपचार आहेत. अशा वेळी शिकवणी थांबवून आईला आधी डॉक्टरांकडे न्यावे.