डम्पिंगवरचं रान

मुंबईत कॉटन ग्रीनच्या आसपास वाढणाऱ्या मुलाला गोदामं माहीत असतात, मालगाडीचे रूळ माहीत असतात, ट्रकांच्या रांगा तर रोजच्याच. काळाचौकी, घोडपदेव, अभ्युदयनगर इथल्या शाळांत तिसरीपासून पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ शिकवतात. पुस्तकात झाडाचे भाग असतात, अन्नसाखळी असते, चित्रंही चांगली असतात. पण अळीनं कुरतडलेलं पान हातात घेऊन पाहिलेली मुलं वर्गात फार थोडी.

या मुलांसाठी रान दूर नाही. हार्बर लोकलनं किंग्ज सर्कल गाठायचं आणि तिथून बसनं सायन-वांद्रे लिंक रोडवर यायचं. रस्त्याच्या एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान, पलीकडे मिठी नदी आणि तिच्या काठची तिवरं. सदतीस एकरांची ही जागा पूर्वी मुंबईच्या कचऱ्याचं डम्पिंग होती. कचरा टाकणं थांबल्यावर इथं रान उभं करायची कल्पना पुढे आली, ढिगाऱ्यावर माती पडली आणि रोपं लागली. 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं. निसर्गशिक्षण हा पहिल्यापासून त्याचा हेतू.

मला या जागेचं मोल वाटतं ते तिच्या जन्मामुळे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं जंगल मुलाला कायमचंच तिथं असल्यासारखं वाटतं. इथं मात्र त्याला सांगता येतं की तू उभा आहेस तिथं खाली कचरा आहे आणि वरची सावली माणसांनी लावलेल्या झाडांची आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं, आणि पुढचा प्रश्न हमखास येतो : मग आमच्या इथं का नाही?

रानात वर्ग घेणं हे कसबाचं काम आहे. त्याची निम्मी तयारी मुलं येण्याआधीच होते. वाट आदल्या दिवशी चालून पाहावी लागते. लोंबणारी वाळकी फांदी, मोहोळ, खाजकुइलीचा वेल दिसला तर वाट बदलायची. एका माणसामागे दहा-बारा मुलं असावीत, त्याहून जास्त झाली की शिकवणं संपतं आणि राखण सुरू होते. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, सोबत पाण्याची बाटली. झाडावरचं काही तोडायचं नाही, खाली पडलेलं हवं तेवढं उचलायचं. पहिली पाच मिनिटं डोळे मिटून आवाज मोजायचे. लिंक रोडवरचे हॉर्नही त्यात येतात, येऊ द्यावेत.

मग रुईपाशी थांबावं. शनिवारी मारुतीला घालायच्या हारातली रुई इथल्या मुलाला चांगली ठाऊक असते. त्याच पानाखाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडली की त्याचे डोळे विस्फारतात. रुईचा चीक विषारी असतो, अळी तो पचवून अंगात साठवते, आणि पुढे तिचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी पक्षी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पिकून पडलेलं उंबर फोडावं. फुलं आतच असतात आणि ती फळवणारी चिलटाएवढी गांधीलमाशीही आतच वाढलेली असते. अशा वेळी शिक्षकानं उत्तराची घाई करू नये, भिंगं वाटावीत आणि गप्प राहावं. एखादं मूल किड्याला घाबरून मागे सरलं तर त्याला तिथंच उभं राहू द्यावं. हात धरून पुढे ओढलं की ती भीती पक्की होते.

अशा वर्गांची बीजं बाहेरून आली असं अनेकांना वाटतं. डेन्मार्कमधले वनवर्ग पाहून इंग्लंडमध्ये 1993 नंतर ‘फॉरेस्ट स्कूल’ पसरलं, हे खरं. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 1936 साली शिशुविहार काढलं आणि 1945 मध्ये बोर्डीला जाऊन खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. म्हणून शाळाच कुरणावर गेली. त्या कुरणशाळेत पानं, बिया, खडे हेच शिकवण्याचं साहित्य होतं. आपल्याकडे शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांना परदेशी नावं तोंडपाठ असतात आणि कोसबाड ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

शाळांची खरी चूक वेगळीच आहे. डिसेंबरात एक सहल काढायची, दोनशे मुलं रांगेनं फिरवायची, वडापाव देऊन परत आणायची, आणि वर्षाचा निसर्ग उरकला असं मानायचं. रान एका भेटीत शिकवत नाही. तेच झाड श्रावणात, आश्विनात आणि फाल्गुनात पाहिलं पाहिजे. पावसात खोडावर अळंबी येते, ऑक्टोबरात फुलपाखरं दाटतात, हिवाळा सरता सरता काटेसावर आणि पांगारा पानं टाकून फुलतात. मुलाच्या वहीत एकाच झाडाची तीन चित्रं झाली की बदल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

कॉटन ग्रीनच्या शाळेनं चौथीच्या एका तुकडीपासून सुरुवात करावी. वर्षातून तीन सकाळी उद्यानात, आणि थंडीनंतर एकदा शिवडीच्या खाडीवर, ओहोटीची वेळ पाहून, रोहित पक्षी बघायला. मधल्या महिन्यांत शाळेच्या फाटकाबाहेरचंच एखादं झाड पुरे. वेळापत्रकात त्यासाठी दर पंधरवड्याला दोन सलग तास हवेत, आणि ते परीक्षेच्या उजळणीसाठी काढून घेतले जाणार नाहीत एवढं मुख्याध्यापकांनी पाहावं.