वृद्ध उपग्रहाचा योगक्षेम

उपग्रह आकाशात सोडला गेला की वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात, पेढे वाटले जातात आणि शाळेच्या फळ्यावर त्याचे नाव झळकते. पुढे सात-आठ वर्षांनी तोच उपग्रह काय करीत आहे, त्याचे कोणते अवयव निकामी झाले आणि त्याची देखभाल करणाऱ्यांच्या वेतनाची तरतूद कोण करितो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः उपग्रहाच्या आयुष्यातील अवघड निर्णय ह्याच उतारवयात घ्यावे लागतात. आपल्या देशाच्या 'ॲस्ट्रोसॅट' नामक उपग्रहाच्या आधारे हा विषय विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

ॲस्ट्रोसॅट दिनांक २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही अग्निबाणाने वर गेला. आकाशस्थ ज्योतींच्या निरीक्षणासाठीच बांधलेला हा भारताचा पहिला उपग्रह होय. क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण वातावरणात शोषले जातात, ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून ते पाहण्यास यंत्र वातावरणाबाहेरच न्यावे लागते. त्याचे वजन सुमारे दीड टन, उंची सुमारे ६५० किलोमीटर, आणि बांधणीचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये. त्याच्या उपकरणांचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. क्ष-किरणांची तीन प्रमुख उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, आणि त्यांपैकी एकाच्या कामात पुण्याची आयुका ही संस्था भागीदार होती. अतिनील दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने कॅनडाच्या साहाय्याने सिद्ध केली.

आपल्या जालन्याच्या माथ्यावरून हा उपग्रह कधीच जात नाही. त्याची कक्षा विषुववृत्ताशी केवळ सहा अंशांचा कोन करिते, आणि जालना आहे सुमारे वीस अक्षांशांवर. हिशेब केला तर तो आपल्या दक्षिण क्षितिजापासून फार तर पंधरा अंश वर येतो असे निघते. वरच्या इयत्तांतील मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. पृथ्वीची त्रिज्या, उपग्रहाची उंची आणि थोडीशी त्रिकोणमिती एवढेच त्यास पुरे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसेल अशी आशा मात्र कोणी धरू नये.

ही कक्षा बुद्ध्याच निवडलेली आहे. दक्षिण अटलांटिक महासागरावर एक असा प्रदेश आहे की तेथे विद्युद्भारित कणांचा मारा विशेष होतो आणि उपकरणे गोंधळतात. विषुववृत्तालगत फिरणारा उपग्रह त्या प्रदेशाच्या केवळ कडेवरून जातो. दुसरा लाभ असा की बंगळूरच्या केंद्रास तो बहुतेक प्रत्येक फेरीत भेटतो. एका फेरीस सुमारे ९८ मिनिटे लागतात, आणि भेट थोड्या मिनिटांचीच असते. तेवढ्या अवधीत साठविलेली माहिती उतरवून घ्यावयाची, उपग्रहाची प्रकृती पाहावयाची आणि पुढील आज्ञा वर पाठवावयाच्या. रविवार असो की दिवाळी, ह्या कामास सुट्टी नाही.

आज्ञा म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. कोणत्या दिवशी कोणत्या ताऱ्याकडे तोंड करावयाचे ह्याचे वेळापत्रक आधी तयार होते. त्यात अनेक पथ्ये असतात. दुर्बिणीचे तोंड सूर्याकडे वळता कामा नये. अतिनील दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात फार तेजस्वी तारा येता कामा नये, नाहीतर तिचे संवेदक दुखावतात. म्हणून प्रत्येक लक्ष्याच्या आसपासचे तारे आधी तपासावे लागतात. प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीच आडवी येते. शिवाय एखादा तारा अकस्मात भडकला, तर आखलेले वेळापत्रक बाजूस सारून तिकडे वळावे लागते. शास्त्रज्ञांनी वेळ मागण्यासाठी करावयाचे अर्ज ज्या प्रणालीतून येतात, ती पुण्यास आयुकामध्ये तयार झाली. अर्ज नेहमी उपलब्ध वेळेहून अधिक, म्हणून ते पारखण्यास समिती असते.

ॲस्ट्रोसॅटचे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यास दहा वर्षे पुरी झाली. ह्या काळात त्याने पृथ्वीभोवती पन्नास हजारांहून अधिक फेऱ्या घातल्या, आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत ऊन व सावली सोसली. सावलीत विद्युत्घट रिकामा होतो, उन्हात भरतो. हे हजारो वेळा घडल्यावर त्याची शक्ती क्षीण होणारच. तेथे कोणी कारागीर पाठविता येत नाही. अमेरिकेच्या हबल दुर्बिणीची दुरुस्ती अंतराळवीरांनी पाच वेळा जाऊन केली खरी, परंतु ते भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्यास येते.

इजा पाच वर्षे पुरी होण्यापूर्वीच झाल्या. मार्च २०१८ मध्ये अतिनील दुर्बिणीच्या दोन अतिनील विभागांपैकी एक बंद पडला. दूर-अतिनील विभाग चालू राहिला. क्ष-किरण मोजणाऱ्या झेनॉन वायूच्या तीन पेट्या होत्या. त्यांपैकी एकीतून वायू गळू लागल्याने ती त्याच महिन्यात बंद करावी लागली, आणि दुसरीचे मापन बेभरवशाचे झाले. राहिली तिसरी. जे काम तिघींवर सोपवावयाचे होते ते एकीवर आले. संशोधकांनी हताश न होता आपले गणित त्याप्रमाणे बदलले. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या उपकरणात सोळा हजारांवर सूक्ष्म घरे आहेत. त्यांतील जी घरे कारणावाचून आवाज करू लागतात ती एकेक करून आज्ञेने बंद करितात.

तरीही ह्या उतारवयात काय साधले ते पाहावे. हे शेवटचे उपकरण मुळात कठीण क्ष-किरणांच्या साहाय्याने चित्रे काढण्यासाठी व वर्णपट घेण्यासाठी होते. त्याच्याकडून क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजण्याचे कामही करून घेण्यात आले, आणि क्रॅब तेजोमेघातील स्पंदकाविषयीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्वात दूरवर होणारे गॅमा-किरण स्फोट त्याने इतके टिपले की नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची संख्या सहाशेवर पोहोचली. अतिनील दुर्बिणीने २०१६ मध्ये आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे अठ्ठावीस तासांहून अधिक वेळ पाहिले; त्या माहितीचे परीक्षण करून आयुकातील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतून निघणाऱ्या अतिनील किरणांचा शोध जाहीर केला. निरीक्षण आणि निष्कर्ष ह्यांत चार वर्षांचे अंतर आहे, हे लक्षात घ्यावे. पैसा देणाऱ्यास ही दिरंगाई वाटते. शास्त्रात ती रीतच आहे.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाईतदारास तो समजावून सांगण्याची गरज नाही. बाग जुनी झाली की फळ उतरते, तरी झाडे उभी असतात आणि पाणी मागतात. विहिरीस पाणी मुबलक असेल तर कोणी विचार करीत नाही. २०१२-१३ सारखा दुष्काळ पडला म्हणजे मात्र जुनी बाग राखावी की तेच पाणी नव्या कलमांस द्यावे, हे ठरवावेच लागते. त्या वर्षी आपल्याकडे कित्येक बागा वाळल्या, हे पालकांना स्मरत असेल.

अमेरिकेत नासा ह्या संस्थेने त्यासाठी एक पद्धत घातली आहे. नियोजित आयुष्य संपलेल्या मोहिमांची सुमारे तीन-तीन वर्षांनी बाहेरच्या शास्त्रज्ञांकडून परीक्षा घेतली जाते. प्रत्येक मोहिमेने पुढील वर्षांत काय करणार, आणि त्यास किती पैसा लागेल, ते लिहून द्यावयाचे. मागील कीर्ती जमेस धरितात, पण मुख्य गुण पुढील कामास. माझ्या मते ही पद्धत कठोर असली तरी न्याय्य आहे, कारण कामाची पारख काम जाणणाऱ्याकडून होते. गॅलेक्स नावाची अतिनील दुर्बीण २००३ मध्ये सोडलेली. नासाने पैसा थांबविल्यावर २०१२ मध्ये ती कॅल्टेक ह्या विद्यापीठास उसनी दिली गेली, आणि तिने आणखी एक वर्ष काम केले.

जुने यंत्र चालविण्यास खर्च कमी लागावा, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या चंद्रा दुर्बिणीने ती खोटी ठरविली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ह्यांच्या नावाची ही क्ष-किरण दुर्बीण १९९९ मध्ये गेली, तेव्हा तिचे नियोजित आयुष्य पाचच वर्षांचे होते. तिच्या अंगावरील उष्णतारोधक आवरण झिजल्याने एकाच दिशेस फार वेळ पाहिले की काही भाग तापतात. म्हणून वेळापत्रक जुळविणे वर्षानुवर्षे अधिक किचकट झाले, आणि किचकट काम म्हणजे अधिक माणसे. मार्च २०२४ मध्ये तिची वार्षिक रक्कम सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटी डॉलरवर आणण्याची सूचना झाली. त्याच वर्षी नेमलेल्या समितीने एवढ्या पैशात ही दुर्बीण चालविताच येणार नाही असा अभिप्राय दिला. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी निषेध केला. येथे दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पैसा अमर्याद नाही. पण कात्री लावणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे की निम्म्या पाण्यावर बाग निम्मी जगत नाही, ती सगळीच वाळते.

आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण थैल्या निरनिराळ्या आहेत. उपग्रह इस्रोचा, म्हणजे अंतराळ विभागाचा; मुंबईची संस्था अणुऊर्जा विभागाकडे; आयुका विद्यापीठ अनुदान मंडळाकडे. उपग्रह चालू ठेवावा असे एकाने ठरविले तरी त्याची माहिती शुद्ध करून संशोधकांस देणारी माणसे दुसऱ्याच्या पदरी असतात. ती माणसेही वयस्क होतात. ज्यांनी उपकरण बांधले ते निवृत्त होतात, आणि एखाद्या संवेदकाचे विचित्र वागणे कोणत्या कारणाने घडते ते ज्ञान कागदावर उतरले नसेल तर त्यांच्याबरोबर निघून जाते. शिवाय २ सप्टेंबर २०२३ रोजी सूर्याकडे गेलेला आदित्य-एल१ आणि १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला एक्स्पोसॅट ह्यांसही कुशल माणसे हवीच. गॅमा-किरण स्फोटांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'दक्ष' नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव मांडण्यात आला आहे. नवे यंत्र वर जाण्यापूर्वी जुने बंद पडले, तर मधल्या काळात जे तारे भडकतील ते पुन्हा आपल्यासाठी भडकणार नाहीत. जुन्याची देखभाल करावयास माझ्या दृष्टीने हेच सर्वांत सबळ कारण आहे.

शेवट दोन प्रकारांनी येतो. मंगळयान सहा महिन्यांसाठी गेले होते. ते जवळजवळ आठ वर्षे चालले, आणि एप्रिल २०२२ मध्ये दीर्घ ग्रहणानंतर त्याचा आवाज थांबला. २०११ मध्ये गेलेला मेघा-ट्रॉपिक्स ह्याच्या उलट हिशेबाने संपविला गेला. त्याच्यात इंधन शिल्लक होते, म्हणून इस्रोने त्यास टप्प्याटप्प्याने खाली आणून ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावर वातावरणात जाळून टाकले, जेणेकरून त्याचा सांगाडा इतर उपग्रहांच्या वाटेत शतकभर भटकू नये.

ॲस्ट्रोसॅटची माहिती ठराविक मुदतीनंतर सर्वांस खुली होते. बंगळूरजवळील ब्याललू येथील केंद्राच्या भांडारातून ती कोणत्याही विद्यार्थ्यास विनामूल्य उतरवून घेता येते. त्यास एक साधा संगणक, इंटरनेट आणि बरीच चिकाटी लागते. मॅट्रिकच्या वर्गातील ज्या मुलांनी ह्याविषयी विचारले होते, त्यांनी आधी दुर्बिणीची चित्रे उघडावीत. क्ष-किरणांचे आकडे पुढच्या वर्षी पाहू.