अपुऱ्या घराचा विमा

घर बांधावयास काढलें म्हणजे देव्हारा कोणत्या दिशेस असावा, स्वयंपाकघरास किती खिडक्या असाव्यात, यांविषयीं वडील मंडळींत आठ-आठ दिवस खल चालतो. कंत्राटदाराशीं दरांची घासाघीस होते ती निराळीच. परंतु अर्धें उभें राहिलेलें घर पावसानें खचलें किंवा आगींत सांपडलें, तर तें नुकसान कोणीं सोसावयाचें, हा प्रश्न कोणी तोंडांतून काढीत नाहीं. अशुभ बोलूं नये ना!

विमा कंपन्यांनीं मात्र हें अशुभ पूर्वींच हिशेबांत धरलें. लंडनमधील लँबेथ पुलाच्या बांधकामासाठीं १९२९ सालीं उतरविलेला विमा हा या जातीचा पहिला मानला जातो. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क्स’ या नांवानें तो आपल्याकडेहि मिळतो. विमापत्रावर कंत्राटदाराबरोबर घरमालकाचेंहि नांव घालतां येतें, आणि तें आपण आग्रहानें घालून घ्यावें.

नांवांत ‘ऑल’ असलें तरी सर्व कांहीं त्यांत येत नाहीं. सदोष आराखड्यामुळें झालेली हानि मूळ विमापत्रांत बहुधा वगळलेली असते. निकृष्ट मालामुळें स्लॅब कोसळला, तर तो पुन्हां घालण्याचा खर्च कंपनी देत नाहीं. मात्र त्याखालीं सांपडून मोडलेल्या चांगल्या कामाची भरपाई देते. मजुरास इजा झाली तर तिची तरतूद स्वतंत्र विम्यानें करावी लागते. आणि पेठेंत भिंतीला भिंत लागून घर असेल, तर विशेष सावध राहावें! पाया खणतांना आधार सुटून शेजाऱ्याची भिंत तडकली, तर ती जबाबदारी बहुधा जादा हप्ता भरून मुद्दाम लिहून घ्यावी लागते. ती लिहिलेली नसली कीं पैसाहि जातो आणि शेजारहि तुटतो.

हप्ता वांचविण्यासाठीं रक्कम कमी सांगण्याचा मोह तर अगदींच घातक. पुऱ्या झालेल्या कामाची किंमत ८० लाख रुपये आणि विमा ६० लाखांचा, असें समजा. ८ लाखांचें नुकसान झालें, तर कंपनी त्याच प्रमाणांत ६ लाखच धरते, व त्यांतूनहि ठरलेली वजावट कापून घेते.

तळमजला तयार होतांच बिऱ्हाड हलविण्याची आपल्याकडे फार घाई. वरचें काम चालू असलें तरी वापरांत घेतलेल्या भागावरील हें संरक्षण त्या दिवशींच बहुधा संपतें. त्यासाठीं राहत्या घराचा निराळा विमा सामान हलविण्यापूर्वींच उतरवून ठेवावा लागतो.