आपल्या नावावरची नोंद आपणच मागायची



चोपडा असो की साक्री, रावेर असो की शिरपूर, आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी बचत गटातून, बँकेतून किंवा मायक्रोफायनान्सकडून कर्ज घेतलेलं असतं. बँकेच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जाची, त्याच्या हप्त्यांची नोंद क्रेडिट माहिती कंपनीकडे जाते. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. नवीन कर्ज द्यायच्या आधी बँक तिथली नोंद बघते.

आता ही नोंद चुकली तर? फेडलेलं कर्ज थकलेलं दिसतं, किंवा सारख्या नावाच्या दुसऱ्या बाईचं कर्ज आपल्या नावावर चढतं. मायक्रोफायनान्समध्ये घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर नवीन कर्ज देता येत नाही. म्हणजे एका चुकीच्या नोंदीपायी ऐन पेरणीत आपला अर्ज परत येऊ शकतो.

पण ही नोंद मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरायचा कसा, ते बघू.

पहिलं, अहवाल मागा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तो घ्यायचा. मोबाईल जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या लेकी-सुनेला जवळ बसवा, पण ओटीपी स्वतःच टाका. "सिबिल साफ करून देतो, पैसे द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, अहवाल वाचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, प्रत्येक कर्ज आणि त्याची बाकी हे सगळं आपल्या पासबुकाशी ताडून पाहा.

तिसरं, चूक दिसली तर लेखी तक्रार करा. मजकूर साधाच असू द्या:

"माझ्या अहवालात अमुक क्रमांकाचं कर्ज थकीत दाखवलं आहे. ते मी अमुक तारखेला फेडलं आहे. कर्ज फेडल्याचा दाखला सोबत जोडला आहे. नोंद दुरुस्त करून मला लेखी कळवावं."

हा अर्ज कर्ज देणाऱ्या संस्थेलाही द्या आणि क्रेडिट कंपनीलाही. तारीख आणि पोच घेतल्याशिवाय मात्र निघू नका, कारण दिवस तिथूनच मोजले जातात. ३० दिवसांत तक्रार सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

तरीही कोणी दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला फी नाही, वकील नाही. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करा.

याच्या पुढचं पाऊलही पडलं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातले आपल्या कामाचे हक्क मे २०२७ पासून लागू होणार आहेत. मग दुकान असो की मोबाईलवरचं अ‍ॅप, "माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे? चूक असेल ती सुधारा, गरज नसेल ती काढून टाका," असं आपण विचारू शकू.

तोवर एक काम करू या. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबानंतर प्रत्येकीचा अहवाल काढायची तारीख ठरवू. एकटीला अवघड वाटणारा अर्ज दहाजणी मिळून बसल्या की सोपा होतो.