घाटाआधी अंगठा लावून बघा

मार्च महिन्यातली सकाळ होती. वेल्ह्याहून येणारा रस्ता नसरापूरवरून चेलाडी फाट्याला पुणे-सातारा महामार्गास मिळतो. तिथल्या एका लहानशा गॅरेजच्या सावलीत आम्ही एस.टी.ची वाट पाहत बसलो होतो. इतक्यात वेल्ह्याकडून एक छोटा डिझेल ट्रक आला. मागे घरावरचे पत्रे आणि लोखंडी सळ्या भरलेल्या होत्या. चालवणारा तरुण पंचविशीतला. गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची, पण जुनी आणि कर्जावर घेतलेली. इंजिन चालूच ठेवून तो खाली उतरला.

"मिस्त्रीकाका, जरा बघता का? एक्झॉस्ट ब्रेक लागंना झालाय. आठ दिस झालं बटन दाबतोय, पर गाडी धरत न्हाई."

"पायाचा ब्रेक कसा हाय?"

"लागतोय की. जरा कडक वाटतोय, एवढंच."

"आन् निघालास कुठं?"

"महाडला. भोरवरनं, वरंधा घाटानं. माल उतरवायचाय. परवा २० मार्च हाय, म्हनून वस्तीतली धा-बारा मानसंबी येतो म्हनत्यात. कापूरहोळला थांबल्यात ती."

मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. "चावी काढ," ते म्हणाले. "आज घाट न्हाई."

तरुणाचा चेहरा पडला. भाडे ठरलेले, हप्त्याची तारीख जवळ आलेली. एक बटन चालत नाही म्हणून दिवस बुडवायचा? पायाचा ब्रेक तर लागतोच आहे! वाचकहो, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हाच विचार केला असता. तो विचार कुठे चुकतो, हे त्या दिवशी मिस्त्रींनी आमच्यादेखत उलगडून दाखवले. आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज टेम्पो-ट्रकवर पोट भरतात. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळासारख्या संस्थांचे कर्ज काढून काहींनी स्वतःची गाडी केली आहे. त्यांच्यासाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरच्यांसाठी ही हकीकत लिहीत आहोत.

एक पंप, दोन ब्रेक

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे काय? इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत एक गोल झडप असते. चालकाने बटन दाबले की ती आडवी होते आणि धुराची वाट अडते. त्याच वेळी डिझेलही बंद होते. कोंडलेल्या धुराचा दाब पिस्टनवर उलटा येतो, इंजिन जड होते आणि चाकांना मागे धरते. यात ब्रेकचे लायनर घासत नाहीत की तापत नाहीत. म्हणून लांब उतारावर त्याचा मोठा आधार असतो. मात्र गाडी गिअरमध्ये असली तरच तो चालतो. क्लच दाबला किंवा गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा चाकाशी संबंध तुटला आणि हा ब्रेकही गेला.

आता ही झडप ओढतो कोण? मोठ्या ट्रकांना हवेचे ब्रेक असतात, तिथे हे काम दाबलेली हवा करते. अनेक छोट्या ट्रकांत मात्र ते व्हॅक्युमवर, म्हणजे निर्वात पोकळीवर चालते. एका डबीत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली की दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा त्याला रेटते आणि पडद्याला जोडलेला दांडा झडप फिरवतो. हवेत एवढे बळ कुठले, असे वाटेल. सतराव्या शतकात जर्मनीतील माग्देबुर्ग शहराच्या ऑटो फॉन गेरिके याने दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली, तर दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटेनात. आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब देत असते. १० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यामागची दोन तृतीयांश हवा काढली, तरी त्यावर ५० किलोच्या आसपास रेटा येतो.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आत घेण्याच्या वाटेवरच झडप असते, त्यामुळे तिथे पोकळी आपोआप तयार होते. डिझेल इंजिनाची रीत वेगळी असल्याने तिथे त्या कामाला स्वतंत्र पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. त्याच्या पोटात एक फिरकी, फिरकीच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या, आणि त्यांना वंगण द्यायला इंजिनातून आलेली ऑइलची बारीक नळी. एवढाच त्याचा संसार.

आता खरी गोम ऐका. हाच पंप पायाच्या ब्रेकच्या बूस्टरलाही पोकळी पुरवतो. आपण पेडल दाबतो तेव्हा पायाचा जोर थोडाच असतो, बाकीचा बूस्टर लावतो. पंप मेला की एक्झॉस्ट ब्रेक जातो आणि त्याच्याबरोबर पायाच्या ब्रेकचा मदतनीसही जातो. पेडल दगडासारखे होते. गाडी थांबते, पण दुप्पट-चौपट जोर लावून. सपाटीवर दोन कोसांत चारदा ब्रेक लागतो, तिथे हे जाणवत नाही. घाटात दर वळणाला लागतो. मग लायनर तापतात, ड्रम तापतात, ब्रेक ऑइलही तापते, आणि माणूस पेडलवर उभा राहिला तरी गाडी ऐकत नाही.

"घाटात ब्रेक फेल झाला, असं लोक म्हनत्यात," मिस्त्री म्हणाले. "घाटात न्हाई फेल होत लेका. आठ दिस आधी झालेला असतो. घाटात फक्त कळतं."

शोध कसा घेतला

चाकांखाली दगड लावले, हँडब्रेक ओढला. मिस्त्रींनी तरुणाला बंद गाडीचे पेडल पाच-सहा वेळा दाबायला सांगितले. पेडल कडक झाले. "आता पाय दाबून धर आन् गाडी चालू कर." बूस्टर धड असेल तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडे खाली जाते. ते हललेच नाही. म्हणजे एकतर पोकळी तयार होत नाही, किंवा वाटेत गळते आहे.

मग पंपावरची रबरी नळी काढली. पट्टा आणि पंखा यांपासून हात लांब ठेवून मिस्त्रींनी पंपाच्या तोंडाला अंगठा लावला. पंप चांगला असेल तर अंगठा ओढून धरतो, सोडवताना 'टप्' असा आवाज येतो. इथे नुसती फुंकर घातल्यासारखे वाटत होते. दोष पंपाकडचा, हे ठरले. पंपाने अंगठा धरला असता तर पुढची वाट तपासावी लागली असती. नळीला चीर आहे का, क्लिप ढिली आहे का, हवा एकाच बाजूला जाऊ देणारी झडप दोन्हीकडून फुंकर सोडते का, पडदा फाटला आहे का, आणि बटन दाबल्यावर पोकळीची वाट उघडणाऱ्या विजेच्या झडपेला वीज पोचते का. आधी हे पाच-पन्नास रुपयांचे दोष पाहावेत, मग पंपाला हात घालावा.

पट्टा पाहिला, तो नीट ताणलेला होता. मग पंप उतरवला. आतल्या पात्या झिजून बोथट झालेल्या, एक खाचेतच अडकून बसलेली. पंप कोरडा ठणठणीत होता.

तरुण म्हणाला, "मग नवा पंप टाकू. पुन्याला सांगतो आणायला."

"टाक. पंधरा दिसांनी परत ये," मिस्त्री म्हणाले. "पात्या का झिजल्या, ते नको बघायला?"

त्यांनी ऑइलची बारीक नळी मोकळी करून तोंड एका डब्यात धरले आणि क्षणभर स्टार्टर मारायला लावला. धार यायला हवी होती, तिथे दोन थेंब आले. नळीत काळा, दाट गाळ बसला होता. इंजिन ऑइल बदलायचे हप्त्यापायी दोनदा पुढे ढकलल्याचे तरुणाने खालमानेने कबूल केले. ऑइल खराब झाले, नळी चोंदली, पंप उपाशी राहिला, पात्या घासल्या, पोकळी गेली आणि दोन्ही ब्रेक लंगडे झाले. ऑइलचे पैसे वाचवायला गेला, ते पंपात गेले. घाटात गेले असते तर हिशेब करायलाही कोणी उरले नसते.

पंपाच्या घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे नव्हते, हे नशीब. ओरखडे असतील तर नुसत्या पात्या बदलून भागत नाही, अख्खा पंप बदलावा. दुपारपर्यंत पुण्याच्या नाना पेठेतून पात्या, रबरी रिंगा आणि पॅकिंग यांचा संच आला. तोवर नळी डिझेलने धुऊन हवेने साफ केली. ऑइल परत जाण्याची वाट तपासली, कारण ती तुंबली तर ऑइल पोकळीच्या नळीतून बूस्टरमध्ये शिरते आणि रबरी पडदा फुगवून खराब करते. इंजिनातले ऑइल आणि फिल्टर बदलला. पात्या सगळ्या एकदम नव्या घातल्या, त्यांची गोलसर कड बाहेरच्या भिंतीकडे ठेवून. पंपात थोडे स्वच्छ ऑइल सोडले, हाताने फिरवून पाहिला आणि मगच बसवला.

तेवढ्यात धुराच्या नळीतली झडपही तपासली. काजळीने ती जड झाली होती. थंड असताना तारेच्या ब्रशने आणि डिझेलने साफ करून ती मोकळी केली, तिची स्प्रिंग बघितली. मग गाडी चालू करून पंपाला मीटर लावला. काटा पाऱ्याच्या ६० सेंटिमीटरपुढे गेला. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच प्रमाण मानावा. शेवटी नळी जागेवर लावून पुन्हा पेडलची परीक्षा घेतली. या वेळी इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली अलगद खाली गेले.

मिस्त्रींनी हात पुसत अंगठा वर केला. "आमच्या आज्यानं ह्यो अंगठा सावकाराच्या कागदावर उठवला. आपुन तो पंपाला लावायचा. त्याला काय लागतंय? दोन मिन्टं."

डिझेल वाचवण्याचा मोह

उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडण्याची खोड अनेकांना आहे. व्हॅक्युमच्या गाडीत इंजिन बंद झाले की पंपही बंद होतो. टाकीत साठलेली पोकळी पेडल थोड्या वेळा दाबेपर्यंतच पुरते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने अनेक वाहनांना धडका दिल्या. उतारावर चालकाने इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात दिसल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. साताऱ्याकडून, भोर-वेल्ह्याकडून पुण्याला जाणारी आपली माणसे याच उतारावरून रोज जातात.

म्हणून जुना नियम विसरू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्यावा. एक्झॉस्ट ब्रेकने वेग धरावा आणि पायाचा ब्रेक वळणासाठी राखून ठेवावा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. वरंध्याचा रस्ता पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो, हेही लक्षात असावे. वेल्ह्याहून खानापूरकडे उतरणारा पाबे घाट अरुंद आहे, तिथेही हेच नियम. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, पण नाव बदलले तरी वळणे तीच आहेत.

घरच्यांनी विचारावे

हे काम एकट्या चालकाचे नाही. गाडीचा हप्ता सगळे घर भरत असते, मग गाडीची विचारपूसही घराने करावी. गाडी बाहेर काढताना आईने, पत्नीने, शिकणाऱ्या मुलीने तीनच प्रश्न विचारावेत. ऑइल कधी बदलले? पेडल कडक लागते का? एक्झॉस्ट ब्रेक धरतो का? ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर मुलांच्या जुन्या वहीत लिहून ठेवले तरी पुरे. गाडी वापरून जेव्हा एखादी गोष्ट "जरा वेगळी" वाटते, तेव्हा तीच पहिली नोटीस समजावी.

त्या दिवशी संध्याकाळी सपाट रस्त्यावर गाडी फिरवून तरुण परत आला. बटन दाबल्यावर गाडी धरत होती. "आता मानसं घेऊन जाऊ का?" त्याने विचारले.

"माल ने. मानसं न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "मालाच्या गाडीत मानूस बसवणं कायद्याला मंजूर न्हाई, आन् पत्र्यावर पोरं बसवणं मलाबी न्हाई. त्यास्नी एस.टी.नं जाऊ दे. सुखरूप पोचायला पायजेत."

१९२७ साली २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसे जमली, ती मिळेल त्या वाटेने, पुष्कळशी पायी. आपल्या आज्या-पणज्यांनी जपलेली ती वाट निष्काळजीपणाने मोडू नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

वस्तीची माणसे दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेली. तरुण पहाटे एकटाच निघाला. भाटघर मागे पडले, भोर आले, नीरा देवघर धरणाच्या कडेने रस्ता वर चढला. घाटाच्या तोंडाशी त्याने गाडी बाजूला घेतली, पेडल दाबून पाहिले, बटन दाबून पाहिले आणि मग दुसरा गिअर टाकला. महाडला पोचल्यावर त्याने आधी घरी फोन केला आणि नंतर मिस्त्रींना. "काका, गाडीनं धरलं," एवढेच तो म्हणाला.