गुढीपाडव्याच्या रात्री पडलेलं कडं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्र पडता पडता विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. वर्धेच्या आग्नेयेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं कोसळलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचा भाग असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. कुणाला इजा झाली नाही, हे नशीबच.

मग अंतराळातून त्याच वाटेने माणूस सुखरूप कसा उतरतो? अंतराळवीर शुभांशु शुक्ला १५ जुलै २०२५ला पृथ्वीवर परतले, तेव्हा त्यांचं ड्रॅगन यानही तासाला सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरलं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं ना? दाबलेली हवा तापते. यानापुढची हवा तशीच दाबली जाऊन हजारो अंशांपर्यंत तापते. म्हणून यानाचं बूड मुद्दाम बोथट ठेवतात; सगळ्यात तापलेली हवा त्यापासून जरा दूर राहते. उरलेली झळ उष्णताकवच सोसतं. ते स्वतः जळत, झिजत जातं आणि उष्णता बाहेरच्या बाहेर नेतं. टाकून दिलेल्या टप्प्याला ना कवच, ना दिशा.

असा तुकडा शेतात दिसलाच तर हात लावू नका, त्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लगेच पोलीस पाटलांना कळवा.