संगणकाची झाडलोट

मराठी साहित्य हा विषय घेऊन बी. ए. च्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने संगणकाच्या निगराणीवर लेख लिहावा, याचे संपादक मंडळातील मित्रांना थोडे नवलच वाटले. ‘कविता दे’ असा त्यांचा आग्रह होता. परंतु या वर्षी माझ्या हातून कवितेपेक्षा धूळच अधिक झाडली गेली, आणि त्यातून जे समजले ते इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. यात चुका आढळल्यास विज्ञान शाखेच्या मित्रांनी उदार मनाने क्षमा करावी.

आमच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी एक संगणक आहे. सकाळी त्याचे बटण दाबावे, खाली जाऊन चहा घ्यावा, चार मित्रांची ख्यालीखुशाली विचारून वर यावे, तरी पडद्यावर गोल चकरी फिरतच असे. त्याच्या मंदपणाची आम्ही थट्टा करीत असू. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र ती थट्टा संपली. वर्गातील एका मैत्रिणीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आपल्या बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तिला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, त्यामुळे ओटीपी येणार तो त्यांच्याच मोबाइलवर. टोळी एकदा निघाली, की वडील कोणत्या फडात असतील आणि तेथे रेंज असेल की नाही, याचा नेम नाही. त्या दिवशी वडील मुद्दाम गावाहून आले होते. ओटीपी आला, तिने तो टाकला, पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपली. असे तीनदा झाले. वडील काही बोलले नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी एका दुकानदाराला विचारले. त्याने यंत्र न उघडताच सांगितले, “जुनं झालंय, नवीन घ्या.” ग्रंथपाल सर म्हणाले, “नव्याचे पैसे येतील तेव्हा येतील. आधी झाडून तर बघू या.”

आता संगणक मंद होतो म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. वाचक म्हणजे प्रोसेसर, त्याच्या समोरचे टेबल म्हणजे रॅम आणि मागची पुस्तकांची खोली म्हणजे हार्ड डिस्क. टेबलावर जागा आहे तोवर वाचकाचे काम झपाट्याने चालते. टेबल भरले, की एक पुस्तक खोलीत ठेवून यायचे आणि दुसरे आणायचे, असा खेळ सुरू होतो. वाचक कितीही हुशार असला तरी त्याचा वेळ येरझाऱ्यांत जातो. संगणकातही रॅम अपुरी पडली, की तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवला जातो आणि लागेल तसा परत आणला जातो. आपण मात्र ‘यंत्र विचार करीत आहे’ असे समजतो.

ही येरझार किती महाग आहे, याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला आणि चकित झालो. जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकड्या फिरत असतात. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा फिरत फिरत खाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. वाचणारा हात योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण ९ मिलिसेकंद धरा. एकूण १३. ऐकायला हे काहीच नाही. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात जवळजवळ चार कोटी ठोके पडतात. म्हणजे एक पान आणायला पाठवलेला शिपाई परत येईपर्यंत साहेबाने चार कोटी वेळा घड्याळाकडे पाहिल्यासारखे झाले! सुरू होताना संगणकाला हजारो ठिकाणांहून लहानलहान तुकडे उचलावे लागतात. पाच हजार ठिकाणे धरली तरी नुसत्या जागा शोधण्यातच मिनिटाहून अधिक वेळ जातो.

त्यातही एकच फाइल डिस्कवर सलग नसते. जागा मिळेल तेथे तिचे तुकडे पडतात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले ते एका लांबलचक कापडावर, ती त्यांची प्रसिद्ध पासोडी. तिथे नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरवता येते. उलट सुट्या पानांची पोथी वेगवेगळ्या गाठोड्यांत विखुरली, तर पहिले पान या गाठोड्यात आणि दुसरे त्या गाठोड्यात शोधत बसावे लागते. ही पाने ओळीने लावण्याचे काम म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन. विंडोजमध्ये त्याची सोय आहे आणि ते ठरावीक दिवसांनी आपोआप होते; परंतु आमचा संगणक काम झाले की लगेच बंद केला जाई, त्यामुळे त्याला ती फुरसत कधी मिळालीच नव्हती. येथे एक इशारा द्यायला हवा. ज्या यंत्रात एसएसडी आहे, तेथे हा उपाय करू नये. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, कोणताही तुकडा जवळजवळ सारख्याच वेळात सापडतो. आणि तिच्यावर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असल्याने विनाकारण लिहिणे हे तिचे आयुष्य कमी करणे होय.

आम्ही सर्वांत आधी मात्र यातले काहीच केले नाही. आधी ग्रंथालयाच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली. डिस्क म्हातारी असेल, टकटक आवाज करीत असेल, तर तिच्याकडून जास्तीचे काम करून घेताना ती कायमची मान टाकण्याचा संभव असतो. वेग मागाहून मिळवता येतो. गेलेल्या नोंदी मिळत नाहीत.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात ‘स्टार्टअप’ या सदराखाली, संगणक सुरू होताच कोण कोण न बोलावता पंगतीला बसते, याची यादी मिळते. आमच्याकडे सतरा पाहुणे निघाले. एक तर कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा होता! शिवाय दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत होते, म्हणजे प्रत्येक फाइलची दारात दोनदा झडती. एक काढून टाकला आणि अनावश्यक पाहुण्यांना ‘डिसेबल’ केले. नाव ओळखीचे नसेल तर हात लावू नये, आधी चौकशी करावी. एवढ्यानेच सुरू होण्याची अकरा मिनिटे सातवर आली.

सी ड्राइव्ह जवळजवळ भरला होता. कितीतरी वर्षांचे डाउनलोड केलेले अर्ज, एकाच निकालाच्या वीस वीस प्रती, लग्नाचे व्हिडिओ (कुणाचे, ते कळले नाही). डिस्क क्लीनअप चालवून तात्पुरत्या फाइली काढल्या, कचरापेटी रिकामी केली. डिस्कचा दहा-पंधरा टक्के भाग तरी मोकळा ठेवावा. पेन ड्राइव्हमधून आलेले विषाणूही सापडले, ते वेगळेच. यंत्राचा वेग एका बटणात दुप्पट करून देणारी जी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात, ती मात्र घेऊ नयेत; बहुधा तीच अठरावा पाहुणा ठरतात.

दुसऱ्या दिवशी यंत्र उघडले. वायर काढली, सुरू करण्याचे बटण काही वेळ दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी भागाला हात लावून मगच आत हात घातला. आत धुळीचा नमदाच होता, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी. (१९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क २ या संगणकात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ‘बग’ हा शब्द तेव्हापासून आला असे सांगतात, पण यंत्रातील दोषाला हा शब्द एकोणिसाव्या शतकापासूनच वापरला जात होता. पालीच्या अंड्यांना मात्र अजून शास्त्रीय संज्ञा मिळालेली नाही.)

धुळीचा आणि वेगाचा संबंध काय, असे मलाही वाटत होते. प्रोसेसर तापतो. त्याच्यावर धातूच्या पट्ट्यांचा हीटसिंक असतो, आणि पंखा त्यातून हवा खेळवतो. पट्ट्या धुळीने बुजल्या की उष्णता आतच राहते आणि जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. भर उन्हात माणूस पाऊल आखडते घेतो, तसेच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खोलीतली हवाच यंत्राला थंड करायला असमर्थ ठरते. हे दुखणे जुनेच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक हजारो निर्वात नळ्यांवर चालत असे. त्या काळच्या अशा यंत्रांना थंड ठेवणे आणि जळालेल्या नळ्या बदलणे हे रोजचेच काम होते.

मोटार भरण्याचे दुकान असलेल्या एका मित्राकडून ब्लोअर आणला. हवा मारताना पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून धरावे, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासले. काम चालू असताना नव्वद अंशांच्या वर जाणारे तापमान साठच्या आसपास आले.

नंतर रात्रभर डीफ्रॅगमेंटेशन चालू ठेवले. सरांनी त्यासाठी वॉचमनकाकांना सांगून ठेवले होते. सकाळी मोजले, तर यंत्र सव्वाचार मिनिटांत सुरू झाले. ओटीपी आला, पान उघडले, अर्ज गेला. वडील दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी टोळीबरोबर निघाले.

तथापि झाडलोटीने सारे साधते असे मी म्हणणार नाही. पुढे जानेवारीत महाविद्यालयाने जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवून दिली, आणि सव्वाचार मिनिटांची पस्तीस सेकंदे झाली. तिला हवी ती जागा शोधायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. वरच्या १३ शी ताडून पाहा. ज्यांच्या घरी जुने यंत्र असेल त्यांनी नव्याचा विचार करण्यापूर्वी हा खर्च अवश्य करून पाहावा. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ज्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चालत नाही त्यांच्यासाठी लिनक्सचाही विचार करायला हरकत नाही.

आता संगणकाशेजारी सुतळीने एक वही बांधली आहे. महिन्यातून एकदा स्टार्टअपची यादी आणि मोकळी जागा पाहायची, तीन महिन्यांनी धूळ काढायची आणि तारीख टाकून सही करायची. गेल्या महिन्यात पडद्यावरचे घड्याळ भलतेच साल दाखवू लागले आणि सगळी संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणू लागली. त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत घड्याळावरून तपासली जाते, त्यामुळे असे होते. आतली ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती बदलली, त्याची नोंद वहीत आहे. पुढची सफाई उन्हाळी परीक्षेच्या आधी आहे. ब्लोअर आणायचे काम द्वितीय वर्षाच्या मुलांनी घेतले आहे आणि स्क्रू ड्रायव्हर सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे.